आमची खरखर

गाण्यातलं मला काही कळत नाही. पण खरखरीतलं कळतं. जाणकार मंडळी पहिल्या दोन स्वरांतच 'मारवा!' म्हणून मान डोलावतात, तसा मी रेडिओतली खरखर ऐकून 'ही ट्यूबलाइट', 'हे शिलाई मशीन', 'हा दुसऱ्या मजल्यावरचा मिक्सर आणि आत सुकं खोबरं आहे' असं छातीठोकपणे सांगू शकतो. या विद्येला समाजात काडीचा मान नाही. लग्नकार्यात 'हे आमचे मेहुणे, खरखरीतलं फार समजतं हं यांना' अशी कुणी माझी ओळख करून दिल्याचं मला तरी आठवत नाही.

हे संस्कार माझ्यावर लहानपणीच झाले. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागे. वडील रेडिओसमोर मांडी ठोकून बसत आणि काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करत. तेवढा तासभर घरात कुणी भांडं वाजवायचं नाही, असा हुकूम असे. गाणं यायचं तेही हेलकावे खात, बोट लागल्यासारखं. आणि पहिल्या नंबरचं गाणं लागायला नि खरखर वाढायला हटकून गाठ पडायची. मग वडील रेडिओच्या डोक्यावर थापट मारत. आजी म्हणे, "अरे, मारून कुणी गातं का?" घरातल्या सगळ्यांना त्या खरखरीमागचं गाणं हवं असे. मला मात्र प्रश्न पडे, की ही खरखर येते कुठून?

ज्या मुलाला असले प्रश्न पडतात तो पुढे बिघडतो. मी बिघडलो आणि हॅम झालो.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. त्या काळी सरकारची परीक्षा द्यायची, मिनिटाला १२ शब्दांच्या वेगानं मोर्सचं 'कट्ट कडकट्ट' करून दाखवायचं, पोलिसांकडून आपण सज्जन असल्याची चौकशी करून घ्यायची, की मग घरात प्रक्षेपक ठेवून जगातल्या दुसऱ्या हॅमशी बोलण्याचा परवाना मिळे. मला तो १९७९ मध्ये मिळाला. एवढा खटाटोप करून आम्ही बोलतो काय? तर 'तुमचा आवाज कसा येतोय' आणि 'तुमच्याकडे हवा कशी आहे'. आमच्या सौभाग्यवतींचं यावरचं मत प्रसिद्ध आहे. "स्वतः खिडकीबाहेर बघत नाहीत, दोरीवरचे कपडे भिजतात; आणि ब्राझीलच्या माणसाला विचारतात, पाऊस आहे का म्हणून!" मोठी माणसंही यात होती, हे मी तिला वारंवार सांगितलं. जॉर्डनचे राजे हुसेन हॅम होते, आपले राजीव गांधी हॅम होते. त्यावर ती म्हणाली, "त्यांचे कपडे वाळत घालायला माणसं होती."

'हॅम' हा शब्दही मुळात कौतुकाचा नव्हे. तारखात्यातले पट्टीचे लोक अडाणी, धसमुसळ्या तारवाल्याला तो शिवीसारखा वापरत. हौशी मंडळींनी तोच बिल्ल्यासारखा छातीवर लावला. एकंदरीत आमच्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, हे सांगता येत नसलं तरी तो लोकांना त्रास देत होता, एवढं नक्की.

खरखरीच्या आमच्या शास्त्रात दोन जाती आहेत. 'क्यूआरएन' म्हणजे निसर्गाची खरखर: विजा, वादळं वगैरे. 'क्यूआरएम' म्हणजे माणसांचा व्यत्यय. थोडक्यात, पहिली देवानं केलेली आणि दुसरी शेजाऱ्यानं. देवाविरुद्ध तक्रार करता येत नाही, हा पहिलीचा फायदा. शेजाऱ्याविरुद्ध करता येते, हा दुसरीचा तोटा.

गंमत अशी, की बिनतारी यंत्राचा जन्मच मुळी खरखरीत झाला. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीसाहेब अटलांटिकच्या पलीकडे न्यू फाउंडलंडमधल्या सिग्नल हिल नावाच्या टेकडीवर कानाला यंत्र लावून बसले होते. वर पतंगाला बांधलेली तार हवेत फडफडत होती. इकडे इंग्लंडच्या टोकाला, पोल्ढू या गावाहून, मोर्समधला 'एस' म्हणजे तीन ठिपके पुन्हा पुन्हा पाठवले जात होते. मार्कोनीला ते ऐकू आले. 'तुलाही येतात ना रे?' असं त्यानं मदतनीस केम्पला विचारलं, केम्पलाही आले. मालकाला ऐकू आलेलं नोकराला ऐकू न येण्याची पद्धत कुठल्याच देशात नाही. दिवसाढवळ्या, त्या लांबीच्या लहरींवर, तसल्या यंत्रावर ते ठिपके खरोखर ऐकू येणं शक्य होतं, की ती नुसतीच वातावरणातली कडकड होती, यावर तज्ज्ञ मंडळी आजही वाद घालतात. म्हणजे बिनतारी संदेशवहनाचा पहिला महान पराक्रम हा संदेश होता की खरखर, याचाच निकाल लागलेला नाही!

दुसरा प्रसंग १९०३ सालच्या जूनमधला. मार्कोनी तोवर सांगू लागला होता, की आपली यंत्रं अशी जुळवता येतात की मधे कुणाची लुडबुड होऊ शकत नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग याच विषयावर व्याख्यान देणार, दूरवरून मार्कोनीचा संदेश येणार, सभागृह भरलेलं. आणि ऐन वेळी यंत्र आपण होऊन टकटकू लागलं. संदेश काय? तर 'उंदीर, उंदीर, उंदीर'! पाठोपाठ मार्कोनीची टिंगल करणाऱ्या ओळी. हा उद्योग नेव्हिल मॅस्कलिन नावाच्या गृहस्थाचा. धंद्यानं जादूगार, छंदानं बिनतारीवाला. फ्लेमिंगनी वर्तमानपत्रात पत्र लिहून आगपाखड केली, तेव्हा मॅस्कलिननं सरळ कबूल केलं, की होय, मीच तो. तुमचा दावा पोकळ आहे, एवढंच दाखवायचं होतं. व्यत्यय आणणाऱ्यानं एवढ्या आनंदानं गुन्हा कबूल केल्याचं हे बहुधा पहिलं आणि शेवटचं उदाहरण. त्यानंतर सगळे म्हणत आले, 'आमच्यामुळे नाही हो, तुमचाच सेट खराब आहे.' मीही हेच म्हणालो. पण ते पुढे.

त्या काळची यंत्रं ठिणगीवर चालत. दोन गोळ्यांमध्ये कडाडून ठिणगी पाडायची, की लहरी निघाल्या. पण ठिणगी म्हणजे आमच्या वाड्यातल्या भागीरथीकाकूंसारखी. तिला एका माणसाशी बोलताच येत नसे. एकाला हाक मारली की सगळी आळी ओ देई. त्यात अमेरिकेतल्या पोरांनी मोटारीची कॉइल नि जुन्या तारा जमवून घरोघरी ठिणग्या पाडायला सुरुवात केलेली. आरमाराचे अधिकारी कपाळाला हात लावून बसत. युद्धनौकेच्या संदेशात कुणा शाळकरी पोराची गृहपाठाची चौकशी घुसत असे.

आणि मग १९१२ सालची १४ एप्रिलची रात्र आली. टायटॅनिक जहाजावरचा बिनतारीवाला जॅक फिलिप्स दिवसभर साचलेल्या प्रवाशांच्या खासगी तारा केप रेसच्या स्टेशनला पाठवण्यात गढलेला होता. तिकडचा आवाज आधीच क्षीण. तेवढ्यात जवळच थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरच्या सिरिल इव्हान्सनं सांगायला सुरुवात केली, की आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत. जहाज जवळ, त्यामुळे त्याचा आवाज फिलिप्सच्या कानात ढोलासारखा घुमला. फिलिप्सनं त्याला गप्प बसायला सांगितलं. मी कामात आहे म्हणाला. इव्हान्स थोडा वेळ ऐकत बसला आणि साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोपला. दहा मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळलं. फिलिप्स पुढे शेवटपर्यंत मदतीचे संदेश पाठवत राहिला आणि जहाजाबरोबर गेला. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. कानात कुणी ओरडलं की आपण 'गप रे' म्हणतोच. तो काय सांगतोय, हे नंतर कळतं. कधीकधी कळायला नंतर उरत नाही.

या गोंधळात हौशी लोकांवरही खापर फुटलं. हवेत यांचीच बडबड फार, असं ठरलं. ऑगस्ट १९१२ मध्ये अमेरिकेनं कायदा केला: हौशी लोकांनी २०० मीटरपेक्षा आखूड लहरी वापराव्यात. त्या काळच्या तज्ज्ञांच्या मते या आखूड लहरी लांब जाण्याच्या कामाच्या नव्हत्या. म्हणजे गावातल्या दंगेखोर पोरांना गावाबाहेरचं माळरान दिलं, की तिथं काय तो धुडगूस घाला. पोरांनी त्या माळावर घालायचा तेवढा धुडगूस घातला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये शंभरएक मीटरच्या लहरींवरून अमेरिकेतले दोन हॅम फ्रान्समधल्या नीस शहरच्या एका हॅमशी अटलांटिकपार चक्क गप्पा मारू लागले! थोड्याशा विजेत समुद्र ओलांडणाऱ्या त्या आखूड लहरी, म्हणजेच आपली शॉर्टवेव्ह. झालं! लगेच मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारं त्याच माळावर प्लॉट पाडायला धावली. हे ऐकून डोंबिवलीच्या माणसाला काही नवल वाटणार नाही. आमच्या मामांनी १९६५ मध्ये मला इथे जागा घेताना वडिलांना विचारलं होतं, "तिथं काय कोल्हे राहणार आहेत का?"

तर या डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, माझं स्टेशन. खरखरीच्या अभ्यासकाला डोंबिवलीसारखं विद्यापीठ नाही. लोकल निघाली की तिच्या डोक्यावरच्या दांड्याची तारेशी ठिणगी उडते. म्हणजे दर चार मिनिटांनी १९०१ सालचा मार्कोनी माझ्या खिडकीखालून जातो. बरं, परदेशी पाहुणेही असत. परवाना मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या रेडिओत 'टकटकटकटक' सुरू झालं. वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू होतं. मी तावातावानं वर गेलो आणि सुतार जरा थांबवा म्हणून सांगितलं. सुतार तर जेवायला गेले होते! पुढे कळलं, तो 'सुतार' चेर्नोबिलजवळ बसलेला होता. सोव्हिएत रशियाची क्षितिजापलीकडचं पाहणारी प्रचंड रडार यंत्रणा, सेकंदाला १० ठोके, १९७६ पासून १९८९ पर्यंत. जगभरचे हॅम तिला 'रशियन सुतारपक्षी' म्हणत. मला खरं म्हणजे तेव्हाच कळायला हवं होतं. सेकंदाला १० ठोके मारणारा सुतार डोंबिवलीत कुठला मिळायला?

आता नानांकडे येतो. नाना म्हणजे आमच्या खालचे. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, सोसायटीचे तहहयात चिटणीस. १९८७ साल. रविवारी सकाळी साडेनऊला दूरदर्शनवर 'रामायण' लागे आणि रस्ते ओस पडत. सगळा हिंदुस्थान त्या वेळी भक्तिभावानं टीव्हीपुढे बसलेला. एक मी सोडून. माझा हिशेब वेगळा होता. या वेळात एकही मिक्सर फिरत नाही, एकही शिलाई मशीन चालत नाही. आठवड्यातली सर्वांत कमी व्यत्ययाची वेळ! म्हणून मी नेमका तेव्हाच २१ मेगाहर्ट्‌झवर जपानला हाका मारायला बसे. माझा प्रक्षेपक घरी बनवलेला, ८०७ नावाच्या व्हॉल्व्हचा. आवाज खणखणीत.

त्या रविवारी खाली नानांच्या घरी वीस-पंचवीस मंडळी जमलेली. टीव्हीला हार, समोर उदबत्ती. पडद्यावर दशरथ महाराज अखेरच्या घटका मोजतायत, क्षीण स्वरात 'राम, राम' म्हणतायत. बायका पदराला डोळे पुसतायत. आणि दशरथाच्या तोंडून माझ्या आवाजात खणखणीत इंग्रजी शब्द बाहेर पडले: "युवर सिग्नल इज व्हेरी वीक. प्लीज रिपीट!"

नाना हातातल्या उदबत्तीसकट वर आले. "कोण समजता हो तुम्ही स्वतःला? नारद?"

मी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. म्हटलं, नाना, मी बोलतो २१ वर. पण प्रक्षेपकातून मूळ लहरीबरोबर तिच्या दुपटी-तिपटीच्या लहरीही थोड्या निसटतात. २१ ची तिप्पट ६३, आणि आपलं मुंबई दूरदर्शन बसलंय ६१ ते ६८ च्या मध्ये.

"एकवीस त्रिक त्रेसष्ट हे मलाही येतं," नाना म्हणाले. "बत्तीस वर्षं हिशेबात होतो. मग एवढं येत असून बोललात कशाला?"

यावर जे उत्तर जगातल्या प्रत्येक हॅमनं दिलं आहे तेच मीही दिलं: दोष तुमच्याही सेटचा आहे. तुमच्या एरियलला लावलेला तो बूस्टर हलक्या प्रतीचा आहे, तो जे समोर येईल ते ओढून घेतो. हे निम्मं खरं होतं. पण भांडणात निम्मं खरं हे संपूर्ण खोट्यापेक्षा जास्त झोंबतं. सोसायटीची खास सभा झाली. गच्चीवरचं 'सदरहू एरियल' हा एकमेव विषय. एका सभासदानं मी परदेशी हेर असल्याची शक्यता मांडली. दुसऱ्यानं 'हेर असता तर हप्ते थकले नसते' असं म्हणून माझी बाजू सांभाळली. अखेर ठरलं, की 'रामायण' चालू असताना मी मौन पाळावं. मीही बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात तारेची वेटोळी बसवून एक गाळणी तयार केली. ३० मेगाहर्ट्‌झच्या खालचं तेवढं जाऊ देणारी. त्रेसष्टची कटकट मिटली. नानांची मिटली नाही. त्यानंतर सहा वर्षं आम्ही जिन्यात समोरासमोर आलो की दोघंही 'क्यूआरटी'. आमच्या भाषेत क्यूआरटी म्हणजे 'प्रक्षेपण बंद'.

या अबोल्याच्या काळात मी खरखरीचा इतिहास खोलात जाऊन वाचला, आणि मला माझा माणूस सापडला. अमेरिकेतला कार्ल जान्स्की. बेल प्रयोगशाळेनं या तरुण इंजिनियरला काम दिलं होतं, की समुद्रपार टेलिफोनमध्ये जी खरखर येते ती कुठून येते, ते शोध. थेट माझ्या लहानपणीचा प्रश्न. फक्त याला त्याचा पगार मिळत होता. न्यू जर्सीतल्या होमडेल इथे त्यानं लाकडी सांगाड्यावर मोठं थोरलं एरियल बांधलं, त्याला फोर्ड मोटारीची चाकं लावली आणि चक्रीसारखं गोल फिरवत खरखर मोजत बसला. २०.५ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे माझ्या २१ च्या अगदी शेजारच्या बिऱ्हाडात. खरखरीचे तीन प्रकार निघाले: जवळची वादळं, दूरची वादळं, आणि तिसरी एक संथ, बारीक सुरसुर, जिचा पत्ता लागेना. ती रोज चार मिनिटं आधी येई. २४ तासांनी नव्हे, २३ तास ५६ मिनिटांनी. हा तर ताऱ्यांचा दिवस! १९३३ मध्ये त्यानं जाहीर केलं, की ही सुरसुर धनू राशीच्या दिशेनं, आकाशगंगेच्या मध्यातून येते. टेलिफोनमधली तक्रार शोधायला गेलेला माणूस आकाशगंगेच्या दारात जाऊन उभा राहिला!

कंपनीनं काय केलं? आकाशगंगा बंद करता येत नाही, हे लक्षात आल्यावर त्याला दुसरं काम दिलं. जान्स्की १९५० मध्ये, अवघा ४४ वर्षांचा असताना वारला. १९७३ मध्ये आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींची तीव्रता मोजण्याच्या एककाला त्याचं नाव मिळालं.

त्याचा धागा पकडला तो कुणा विद्यापीठानं नव्हे, एका हॅमनं. ग्रोट रेबर त्याचं नाव. शिकागोजवळच्या व्हीटन गावात त्यानं १९३७ मध्ये घराशेजारच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या खिशातून नऊ मीटरहून मोठी तबकडी उभारली. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना मला सोसायटीच्या सभेवरून आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी झोप, आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत आकाश ऐकणं. रात्रीच का? कारण दिवसा रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या स्पार्कप्लगच्या ठिणग्या आकाशगंगेला बोलू देत नसत. शेजारी झोपले की विश्व ऐकू यायचं. दोन प्रयत्न फुकट गेले, तिसऱ्यात सुरसुर सापडली, आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तो जगातला एकमेव रेडिओखगोलशास्त्रज्ञ होता. हे वाचून मीही रात्री दोनला उठून बसू लागलो. सौ. म्हणाली, "त्याचं लग्न झालं होतं का, ते आधी बघा."

मग १९९३ साल आलं. २९ सप्टेंबरला गणपती विसर्जन झालं आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. काही हॅम आपली यंत्रं आणि बॅटऱ्या घेऊन तिकडे पोहोचले होते. आम्ही बाकीचे आपापल्या घरी ७ मेगाहर्ट्‌झवर कान लावून बसलो होतो; कुणाचा निरोप आला तर उतरवून घ्यायचा, पुढे पोहोचवायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात नाना. त्यांच्या मागे आमचे वॉचमनमामा, टोपी हातात धरून.

"यांचं गाव उमरग्याकडं आहे," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले. "आई नि भाऊ तिकडं. फोन लागत नाही, तार जात नाही. तुमच्या त्या यंत्रावर काही कळतं का, बघा."

मी गाव आणि नावं लिहून घेतली, तिकडच्या हॅमला सांगितली. पाच वाजता सांगतो, म्हणाला. पाचला आम्ही तिघं यंत्रापुढे बसलो. आणि पाचला आख्खी डोंबिवली जागी होते! चहाची वेळ, चटण्यांची वेळ. तिकडचा आवाज बॅटरीवरचा, खोल विहिरीतून आल्यासारखा. आणि त्याच्यावर आमच्या इमारतीची सगळी खरखर बसलेली. एक शब्द कळेना. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हे कर्र कर्र काय आहे?" नानांनी विचारलं.

"कुणाचा तरी मिक्सर."

"आणि हे सारखं गुणगुणतंय ते?"

सहा वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. टीव्हीतून मला व्यत्यय येतो, तसा टीव्हीही माझ्या रेडिओत व्यत्यय आणतो, हे मी त्या सभेत घसा फोडून सांगितलं होतं. पण आता सांगताना आवाज चढला नाही. "टीव्ही, नाना. बहुतेक तुमचा."

नाना उठले आणि जिन्यात गेले. सोसायटीचे चिटणीस म्हणून बत्तीस सभांत कमावलेला आवाज त्यांनी लावला. "सगळे मेन स्विच बंद करा! तिसऱ्या मजल्यावर निरोप येतोय!" मग त्यांच्या चपलांचा आवाज मजल्यामजल्यावरून खाली गेला. एकेक खरखर विझत गेली. मिक्सर थांबला, ट्यूबलाइटी गेल्या, गुणगुण तुटली. चोवीस बिऱ्हाडांची इमारत गप्प झाली. माझं यंत्र बॅटरीवर होतं.

"आई सुखरूप," आवाज म्हणाला. "भावाच्या पायाला मार, सोलापूरला दवाखान्यात नेलं. घर राहिलं नाही. पुन्हा सांगतो, आई सुखरूप."

मामांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, आणि भिंतीला टेकून खाली बसले. तिकडचा हॅम यादीतली पुढची नावं वाचत राहिला. दुसऱ्या कुणाची, दुसऱ्या गावांची. काही नावांपुढे तो 'सुखरूप' म्हणे. काहींपुढे 'माहिती नाही', आणि क्षणभर थांबून पुढचं नाव घेई. तेवढे शब्द खरखरीत हरवले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं. पण इमारत अशी काही शांत होती, की तेही स्वच्छ ऐकू आले. मी सगळी नावं उतरवून घेतली.

निरोप संपले तरी मेन स्विच लावा, असं सांगायला कुणी गेलं नाही. बाहेर अंधार पडला होता. नाना परत येऊन बसले होते. काहीतरी करायचं म्हणून मी काटा फिरवत २१ वर आणला. तिथं कुणीच नव्हतं. नुसती बारीक, संथ सुरसुर.

"आता हे कुणाचं?" नाना म्हणाले.

मी त्यांना जान्स्की सांगितला. खिडकीतून दक्षिणेकडे बोट दाखवून म्हटलं, तिथं धनू रास आहे, ती सुरसुर आकाशगंगेच्या मध्यातून येते. खरं बोलायचं तर सगळी तिथली नसणार. आमची एक इमारत बंद होती, बाकीचं गाव चालू होतं. निम्मी तरी डोंबिवलीच असणार.

नानांनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे तिथूनही तक्रार आहेच म्हणायची तुमच्याबद्दल."

आमचा अबोला तिथं संपला.

आता नाना नाहीत. 'सुतारपक्षी' तर केव्हाच उडून गेला. पण खरखर वाढलीच आहे. स्वस्तातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. प्रत्येकाच्या पोटात एक चिमुकला मॅस्कलिन बसलेला. मागे विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला गेलो होतो. तिथं गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही एकत्र, काही पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली सुरसुर ऐकायची, तर आसपास माणसाची खरखर कमी हवी, म्हणून शोधून काढलेली ती जागा. दारातच सांगतात, मोबाइल बंद करा. माझ्या पुढचा एक गृहस्थ कुरकुरला, "माझ्या एका फोननं काय होणार आहे?" मला दशरथ आठवला. मी काही बोललो नाही. आपला फोन तेवढा आधी बंद केला.

नानांच्या जागेत आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांच्या दिव्यांच्या माळेनं माझा २१ मेगाहर्ट्‌झ पार बुडवला, तेव्हा धीर करून मी खाली गेलो आणि बेल वाजवली. मुलगा म्हणाला, "सॉरी काका, कधी बंद करू? वेळ सांगा."

इतिहासात हे असं पहिल्यांदाच घडत होतं. मला एकदम वेळच सुचेना.